अर्धं तिकीट

बाजारातून मिंकचं ब्लँकेट आणलं होतं, वाघाच्या तोंडाचं.
देवमनदादा म्हणाला, "हे जनावर न्या इथून."
रात्रभर कुडकुडत बसला, पांघरलं नाही.

म्हणून पेटी उघडली.
पंचफुलावहिनीचं अंजिरी लुगडं, पदराशी विरलेलं,
प्रमिलाच्या शाळेचा निळा स्कर्ट,
कुठल्याशा बिछायतीचा लाल पट्टा,
आणि त्याची खाकी पँट,
दिग्रस डेपोची.
खिसा उलटा केला तर शिवणीत
तिकिटांना पाडलेल्या भोकांचे बारीक गोल ठिपके,
गुलाबी, पिवळे.
ते झटकले नाहीत.

मला वाटलं, एकेक ठिगळ त्याच्याशी बोलेल.
लोक म्हणतातच, जुनं दाखवा, आठवंल.
लुगड्यावर त्याचं बोट ठेवून विचारलं,
"हे कोनाचं, दादा?"
त्यानं कापड चुरगळून उजेडाला धरलं,
गिऱ्हाइकासारखं.
"रंग जाणार," म्हणाला.

चाळीस वर्षांचा संसार. रंग जाणार.

दुपारी ओसरीवर शिवायला बसायची.
खाली धोतराचे चार पदर, वर ठिगळं,
अंगणात पऱ्हाट्यांचा भारा वाळत पडलेला.
शेजारची शेवंता कोपरा ताणून धरी.
"बारीक टाके टाक वं माय,
बुढा उसवून टाकन वाकय."

आणि उसवलंच त्यानं.
सकाळी तीन ठिगळं जागेवर नाहीत,
दोरे खाटेखाली, बोंडअळ्यांसारखे.
मी चिडले. दुहेरी दोऱ्यानं पक्कं केलं.
दुसऱ्या सकाळी पाच. आणि नखांत रक्त.

तिसऱ्या रात्री दाराआड उभी राहिले.
एकच्या सुमारास उठला,
वाकळ मांडीवर ओढली,
अंगठ्यानं शिवण चाचपत एक तुकडा सोडवला
आणि अंधारापुढं धरला.
"कुठं जाचं हाय?"
थांबला. कुणीतरी सांगितलं असावं.
"आर्णी. घ्या. पुढं सरका, पुढं.
ओ बाई, कोंबडी मांडीवर घ्या."

मी पदर तोंडात कोंबला.
हसू होतं की काय होतं, कळलं नाही.
आम्ही म्हणत होतो, फाडतो.
तो ड्युटीवर होता.
छत्तीस वर्षांत सख्ख्या सासऱ्यालाही
फुकट नेलं नाही त्यानं.

सकाळी माझे सगळे पक्के टाके मीच कापले.
खालचे पदर घट्ट ठेवले, ऊब तिथंच असते.
वरची ठिगळं कच्च्या टाक्यात,
ओढली की हातात यावीत.
मधोमध खाकी खिसा, ठिपक्यांसकट,
आणि त्यात जुन्या शर्टांची बटणं, सुट्ट्या पैशांसाठी.
"अशी शिवतेत का वं कोनी?" शेवंता म्हणाली.
आमची माय म्हणायची,
वाकळ अशी शिवावी की नातवाला पुरावी.
ही एका रात्रीला पुरते.
दिवसा मी पुन्हा बसते सुई घेऊन.

परवा त्याच्या खाटेवर जाऊन बसले.
"कुठं जाचं?"
"घरी."
"गावाचं नाव सांगा."
"पिंपळधरी."
त्यानं मान वर केली. बराच वेळ पाहिलं.
माझे पांढरे केस, काडी तुटलेला चष्मा,
येत्या चैत्रात साठ पुरी होतील.
मग अंजिरी ठिगळ सोडवलं,
दातात धरून मधोमध टर्रकन फाडलं
आणि मागच्या सीटवरच्या कुणालातरी म्हणाला,
"इचं अर्धं. बारा पुरे नाही झाले अजून.
माही लहान बहीन हाय."

मी खिशातलं एक बटण काढून दिलं.
त्यानं ते उलटंपालटं केलं, ठेवून घेतलं.
"सुट्टे नाहीत, वच्छे.
बाकीचे उतरतानी मागून घेजो."